सुलतानाच्या वाटेवर

2025च्या मार्चमध्ये खुलदाबादच्या औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपूर पेटलं, तेव्हा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामांनी मला सुनावलं, "तू व्हिएन्नात राहतोस ना? त्यांनी तुर्कांना कसं पिटाळलं, ते जरा शिकून ये."

शिकायला मी चालत गेलो. 1529 साली सुलतान सुलेमान ज्या वाटेने व्हिएन्नावर चालून आला, तिच्यावर आता 'सुलतान्स ट्रेल' नावाची पदयात्रेची वाट आखली आहे. सेंट स्टीफन कॅथेड्रलपासून इस्तंबूलला सुलेमानच्या कबरीपर्यंत 2,000 किलोमीटरहून जास्त. लढाईच्या रस्त्यावर निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी मिळून चालावं, हा हेतू. मी ब्रातिस्लाव्हापर्यंतच टिकलो. टाचांना फोड आले, पुढचं रेल्वेने.

कॅथेड्रलची मोठी घंटा 1683च्या वेढ्यात तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफा वितळवून ओतली होती. 1945च्या आगीत ती फुटली, तेव्हा तिच्याच धातूतून नवी ओतली. हे मामांना कळवलं. त्यांनी लगेच शाबासकीचा अंगठा पाठवला.

हंगेरीतल्या सिगेतवारबद्दल मात्र त्यांना अजून लिहिलेलं नाही. 1566 साली तिथला किल्लेदार झ्रिन्यी महिनाभर झुंजला आणि उरलेल्या शिबंदीसह दरवाजाबाहेर पडून मारला गेला. त्याच सुमारास सुलेमान छावणीत वारला होता. वजिराने ते लपवून ठेवलं. आज गावाबाहेरच्या मैत्री उद्यानात दोघांचे भलेमोठे पुतळे शेजारी-शेजारी आहेत. फेटा आणि शिरस्त्राण, मिशा दोघांनाही. मी गेलो तेव्हा एक आजी नातवाला झ्रिन्यीपुढे उभा करून फोटो काढत होत्या. सुलतान आपोआप चौकटीत आला. झ्रिन्यी त्यांचा वीर आहे, तो आहेच. त्यासाठी शेजारचा पुतळा हलवावा लागलेला नाही.

इथली माणसं फार शहाणी आहेत, असं मात्र नाही. 'व्हिएन्नाचं इस्तंबूल होता कामा नये' अशी घोषणा 2005च्या निवडणुकीत इथेच झाली. 2015 साली निर्वासित जवळजवळ याच वाटेने आले आणि हंगेरीने सीमेवर काटेरी कुंपण घातलं. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या शत्रूशी मैत्री सोपी. दारात उभ्या असलेल्या माणसाशी अवघड.

तरी मला प्रतापगड आठवतो. शाळेच्या सहलीत बाईंनी पायथ्याची अफझलखानाची कबर महाराजांच्या मोठेपणाची खूण म्हणून दाखवली होती. तेव्हा कुणालाही ते खटकलं नव्हतं. आज त्या तसं दाखवतील का, मला शंका आहे.

मामा दरवर्षी देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर चालतात. पालखी निघाली की पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो, तिथे आरती होते. त्या आरतीत मामा टाळ वाजवतात. तिथे उभं राहून काय वाटतं, हे त्यांना विचारायचं आहे. ग्रुपवर नको, फोनवर विचारेन.