'फ्रिजमध्ये ठेवलं की लिस्टेरिया मरतो': त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

सध्या नागपुरातल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. वर लाल अक्षरांत 'गर्भवती भगिनींनी अवश्य वाचा'. आत थोडक्यात असं: लिस्टेरिया हा चीज खाणाऱ्या गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे तो नाहीच. दूध उकळलं की सत्त्व जातं, म्हणून निरसंच प्यावं. शंका असेल तो पदार्थ दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावा, थंडीने जंतू मरतो. झालाच आजार तर दोन दिवस जुलाब, पुढे काही नाही. ताप आला तर घरातली सेफिक्झिमची गोळी पाच दिवस घ्यावी. टॉर्च रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर निर्धास्त राहावं. आणि रोज दोन संत्री खावीत, कारण नागपुरी संत्रं लिस्टेरियाला मारतं.

संत्र्याचं कलम कुण्या गाववाल्यानेच लावलेलं दिसतं. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हा मजकूर मला दिवसाआड कोणी ना कोणी 'हे खरं आहे का गं?' म्हणून पाठवतं. एकेकीला उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहिते.

लिस्टेरिया हा खाण्यातून पोटात जाणारा जंतू. त्याचा आजार दुर्मीळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. अमेरिकेत प्रत्येक रुग्णाची नोंद करावी लागते. तिथेही वर्षाला अंदाजे हजार-दीड हजारच रुग्ण होतात, असं मानतात. तेव्हा कुणाची झोप उडवायची नाहीये. पण यातली दोन वाक्यं, फ्रिजचं आणि गोळीचं, एखाद्या घराला फार महागात पडू शकतात. त्यांच्यावर जास्त लिहिणार आहे.

'गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नाहीच'

2017-18 मध्ये या जंतूची जगातली सर्वांत मोठी नोंदलेली साथ आली ती दक्षिण आफ्रिकेत. हजाराहून जास्त रुग्ण, दोनशेहून जास्त मृत्यू, आणि रुग्णांत नवजात बाळांचं प्रमाण मोठं. कारण होतं पोलोनी नावाचं स्वस्त, तयार मिळणारं मांस. म्हणजे ना युरोप, ना महागडं चीज. 1981 मध्ये कॅनडात साथ आली ती कोबीच्या कोशिंबिरीतून. कोबीच्या शेतात मेंढ्यांचं शेणखत टाकलेलं होतं. 2011 मध्ये अमेरिकेत खरबुजातून आली आणि 33 माणसं गेली. कोबी, खरबूज, लेंडीखत. यातलं आपल्याकडे काय नाही?

आपल्या शेळ्या-मेंढ्यांनाही हा आजार होतो. मेंदूला सूज येते आणि जनावर एकाच बाजूला गोल गोल फिरत राहतं. भारतात हा जंतू दुधात, मांसात, जनावरांत आणि गरोदर बायकांच्या नमुन्यांतही सापडलेला आहे, तसे शोधनिबंध प्रसिद्ध आहेत. मग दवाखान्यात तो दिसत का नाही? बहुतेक वेळा ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून पाहायची तपासणी, पाठवलंच जात नाही. पाठवलं तरी त्याआधी अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस पोटात गेलेले असतात. आणि तिसरं कारण आमच्या बाजूचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू छोट्या जांभळ्या काडीसारखा दिसतो. कातडीवर राहणारे, निरुपद्रवी 'डिफ्थेरॉइड' नावाचे जंतूही जवळपास तसेच दिसतात. घाईत असलेला माणूस 'सुई टोचताना कातडीवरून आलं असेल' असं म्हणून बाटली बाजूला ठेवू शकतो. ओळखायची एक जुनी खूण म्हणजे 20 ते 25 अंशांना तो कोलांट्या मारत पोहतो आणि 37 अंशांना जवळजवळ गप्प पडतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'खोलीच्या तापमानाला पाहा.' मे महिन्यात आमच्या नागपुरात खोलीचं तापमान किती असतं ते पुस्तकवाल्याला कोणी सांगावं! एसीच्या खोलीत स्लाइड न्यावी लागते.

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. दूध उकळणं, वरण-भाजी गरम गरम खाणं, या सवयी आपल्याला वाचवतात. पण फॉरवर्डचं पुढचंच वाक्य त्यातली पहिली सवय मोडायला सांगतं.

'दूध निरसंच प्यावं'

उकळल्याने दुधातलं कॅल्शियम जात नाही, प्रथिनं जात नाहीत. काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, ती भाजी-फळांतून भरून निघतात. उलट गाय-म्हैस वरून धडधाकट दिसत असतानाही तिच्या दुधातून हा जंतू येऊ शकतो. शिवाय शेण लागलेले सड, बादली, गवळ्याचे हात आहेतच. गोठ्यातलं असो, गवळ्याच्या कॅनमधलं असो, दूध उकळायचं. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, 72 अंशांना 15 सेकंद. तेवढ्याने लिस्टेरिया मरतो.

'दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, थंडीने मरतो'

बहुतेक रोगजंतू 4 अंशांच्या आसपास सुस्तावतात, वाढायचे थांबतात. लिस्टेरिया थांबत नाही. शून्याच्या जवळपाससुद्धा तो हळूहळू वाढत राहतो. गंमत अशी की लॅबमध्ये हा जंतू शोधायची जुनी पद्धत फ्रिजचीच होती. ज्या नमुन्यात नाना प्रकारचे जंतू असतील तो 4 अंशांना आठवडेच्या आठवडे ठेवायचा. बाकीचे मागे पडतात, लिस्टेरिया संख्येने वाढतो आणि मग हाती लागतो. फॉरवर्ड जो उपाय सांगतोय तो या जंतूला वाढवायचा उपाय आहे. डीप फ्रीझरमध्ये वाढ थांबते खरी, पण जंतू मरत नाही. बर्फ वितळला की पुन्हा सुरू.

आपल्या फ्रिजमध्ये काय काय असतं ते बघा. सायीचं भांडं. रोज वरून नवी साय, तोच चमचा, कधी बोट. आठ-दहा दिवस साठवायची आणि मग विरजण लावायचं. दूध उकळलेलं असतं, त्यामुळे सुरुवात चांगली असते. पण खालच्या कप्प्यातल्या न धुतलेल्या कोथिंबिरीचा किंवा मांसाच्या पिशवीचा ओघळ, चमचा, हात, यांतून काही आलंच तर त्याला वाढायला दहा दिवस मिळतात. लोणी कढवून तूप केलं की प्रश्न मिटला. पण डोहाळे लागलेल्या सुनेच्या थालीपिठावर कच्च्या लोण्याचा गोळा ठेवणार असाल तर तो ताज्या सायीचा असू द्या. बाकी मोड आलेली मटकी, कापून ठेवलेलं खरबूज, सँडविचसाठी आणलेलं मऊ चीज, कोल्ड कट्स, पाकिटातले तयार कबाब, हे गरोदर बाईने एकतर वाफ निघेपर्यंत गरम करून खावं, नाहीतर राहू द्यावं. गरम म्हणजे मधूनसुद्धा गरम. कबाब वरून पोळतो आणि आत गार असतो, तसा नको. खरबूज कापायच्या आधी धुवा, कारण सालीवरचा जंतू सुरीबरोबर आत जातो. नुसतं मीठ-लिंबू लावून भागत नाही. इतर जंतूंचा जीव जाईल इतक्या मिठात हा तग धरतो.

फ्रिजचं तापमान 4 किंवा त्याखाली हवं. उन्हाळ्यात लाइट गेले, दार दहादा उघडलं, आत भांडी खचाखच भरली, की ते 8-10 वर जातं आणि वाढीचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो.

'दोन दिवस जुलाब, पुढे काही नाही'

धडधाकट माणसाला खरोखरच एवढंच होतं, पुष्कळदा तेवढंही नाही. पण फॉरवर्ड गर्भवतींना उद्देशून आहे, आणि इतरांच्या तुलनेत त्यांना हा आजार होण्याची शक्यता दहा पटींच्या आसपास जास्त असते. पासष्टीच्या पुढचे, स्टिरॉइड किंवा केमो चालू असलेले, डायलिसिसवरचे, अवयव बदललेले, मधुमेही, लिव्हरचे रुग्ण हेही धोक्यात. त्यांच्यात जंतू आतड्यातून रक्तात उतरतो, तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा वारेतून बाळापर्यंत जातो. आजार असा पसरला की दर पाच रुग्णांमागे एखादा, कधी त्याहून जास्त, दगावतो.

हे जमतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत पोरं रस्त्यावर पाय न ठेवता गच्चीवरून गच्चीवर जातात, तसा हा जंतू एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत शिरतो. पेशीतल्याच ॲक्टिन नावाच्या प्रथिनाची शेपटी बनवतो आणि तिच्या रेट्याने पुढे सरकतो. रक्तातली प्रतिपिंडं बाहेर रस्त्यावर उभी असतात, त्यांची-त्याची गाठच पडत नाही.

आईला बरेचदा फक्त ताप, अंगदुखी, पाठदुखी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये त्याला 'ऊन लागलं' म्हणतात, पन्हं देतात आणि झोपवतात. आई चार दिवसांत बरी होते. बाळाचं मात्र नुकसान होऊ शकतं: गर्भपात, दिवस भरायच्या आत प्रसूती, पोटातच बाळ जाणं, किंवा जन्मल्यावर रक्तात नाहीतर मेंदूत संसर्ग. आणि अन्न पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन महिन्यांहूनही जास्त काळ जाऊ शकतो. म्हणून कालच्या पाणीपुरीवर खापर फोडून उपयोग नाही.

'ताप आला तर सेफिक्झिम पाच दिवस'

या एका ओळीसाठी मी हे लिहायला बसले.

सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन, सेफोटॅक्झिम ही सगळी सेफालोस्पोरिन गटातली औषधं. टायफॉइडला चालतात, लघवीच्या संसर्गाला चालतात, म्हणून घराघरात अर्धवट उरलेली पट्टी सापडते. लिस्टेरियावर हा गट चालतच नाही. जंतूने नंतर कमावलेला हा प्रतिकार नाही, तो जन्मजातच आहे: ज्या प्रथिनाला चिकटून हे औषध काम करतं, ते लिस्टेरियात त्याला नीट दाद देत नाही. गोळी महाग असो वा स्वस्त, इंजेक्शन असो वा सिरप, फरक नाही. म्हणूनच पन्नाशीच्या पुढच्या माणसाला मेंदूज्वराची शंका आली की मोठ्या हॉस्पिटलात सेफ्ट्रायॅक्झोनबरोबर अँपिसिलिन वेगळं जोडतात. नवजात बाळाच्या संसर्गात सुरुवातीलाच अँपिसिलिन आणि जेंटामायसिनची जोडी देतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

उपचार आहे तो अँपिसिलिन किंवा पेनिसिलिन, शिरेतून, भरपूर मात्रेत. मोठ्या माणसाला अँपिसिलिन साधारणपणे दर चार तासांनी 2 ग्रॅम. जंतू पेशीत लपलेला असतो, म्हणून दिवसही जास्त लागतात: रक्तातला संसर्ग किमान 2 आठवडे, मेंदूज्वर 3 आठवडे, मेंदूत गळू झालं किंवा हृदयाच्या झडपेवर बसलं तर आणखी. गंभीर रुग्णाला जोडीला जेंटामायसिन. गरोदरपणात ते शक्यतो टाळतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर को-ट्रायमॉक्झाझोल, पण पहिल्या तीन महिन्यांत आणि अगदी शेवटी ते विचार करूनच. अँपिसिलिन जुनं, स्वस्त, कुठल्याही सरकारी दवाखान्यात असणारं औषध आहे. वेळेत मिळालं तर बाळ सुखरूप राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत. घरातल्या पट्टीने नेमका तो वेळ जातो. आणि पट्टी जंतूला अर्धवट दाबणाऱ्या दुसऱ्या एखाद्या अँटिबायोटिकची असेल तर कल्चरही बिघडतं: रुग्ण आमच्याकडे पोचेपर्यंत रक्तातली जंतूंची संख्या घटलेली असते, बाटलीत काही उगवत नाही आणि रिपोर्ट येतो 'वाढ नाही'.

तेव्हा गरोदरपणात 38 अंशांच्या वर, म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला आणि कारण सापडत नसेल, तर पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर. मलेरिया, डेंग्यू, लघवीची तपासणी होईलच. या बाटल्या त्यांच्याबरोबर जाऊ द्या. काय खाल्लं तेही डॉक्टरांना सांगा, मागच्या दोन महिन्यांतलं. याच्या उलटही एक चूक होते: संशयास्पद काही खाल्लं, पण ताप नाही, त्रास नाही, तरी 'खबरदारी म्हणून' कोर्स. त्याची गरज नसते. लक्ष ठेवायचं, ताप आला तर लगेच जायचं.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. गर्भपात किंवा मृत बाळाचा जन्म तापानंतर झाला असेल तर वार फेकू देऊ नका, तपासणीला पाठवायला सांगा. एक तुकडा कल्चरसाठी स्वच्छ सलाइनमध्ये, वेगळा. सगळीच वार फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आली की त्यात जंतू जिवंत राहत नाही आणि आमच्या हातात काही उरत नाही. त्या प्रसंगी हे सुचणं कठीण असतं, म्हणून बरोबर असलेल्या नातेवाइकाने लक्षात ठेवावं.

'टॉर्च निगेटिव्ह, निर्धास्त राहा'

आपल्याकडे टॉर्च म्हणून जी तपासणी होते तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस एवढेच पाहतात. लिस्टेरिया त्यात नसतो. त्याच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या भरवशाच्या नाहीत, आणि शौच तपासूनही काही ठरत नाही, कारण निरोगी माणसांच्या शौचातही तो कधी कधी असतो. रक्त, पाठीतलं पाणी, वार, यांचं कल्चर, हाच पुरावा.

'नागपुरी संत्रं लिस्टेरियाला मारतं'

संत्र्यापेक्षा कितीतरी आंबट ॲसिड आपल्या जठरात असतं, आणि त्यातूनही काही लिस्टेरिया जिवंत पार होतात. संत्र्याकडून काय अपेक्षा करता? त्याऐवजी घरातल्या आजोबांकडे बघा. वर्षानुवर्षं सकाळी उठून गॅसची गोळी घेणाऱ्यांत हा आजार जास्त आढळला आहे, कारण ते ॲसिडच कमी झालेलं असतं. ती गोळी स्वतःहून बंद करू नका, पण अजून लागते का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. संत्री खुशाल खा. फक्त सोलायच्या आधी धुवा, आणि रस काढला तर लगेच प्या.