‘कट्’ आवाज झाला म्हणजे मणका बसला?

पाठदुखीने बेजार झालेल्या माणसाच्या फोनवर एक मजकूर हमखास येऊन पोहोचतो. ऑस्टिओपॅथ, म्हणजे सांधे आणि स्नायूंवर हाताने उपचार करणारा, सरकलेला मणका एका बैठकीत जागेवर बसवतो, ‘कट्’ आवाज आला की काम झाले. दम्यापासून रक्तदाबापर्यंत सगळ्या विकारांचे मूळ कण्यातच असल्यामुळे पुढे औषधांची गरज उरत नाही. आणि सारे हातानेच होत असल्याने अपायाची भीती नाही, असे त्यात सांगितलेले असते. ऑस्टिओपॅथीने कंबरदुखीला उतार पडू शकतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच तिच्या नावावर खपवली जाणारी ही विधाने तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

आवाजापासून सुरुवात करू. हाताचे बोट ओढून मोडले की असाच आवाज येतो, पण ते बोट निखळले होते असे कोणी म्हणत नाही. सांध्यातील वंगणासारख्या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटक्याने एकमेकांपासून दूर झाले की तिथला दाब एकदम उतरतो, वायूची पोकळी तयार होते आणि आवाज होतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोट मोडत असतानाच एमआरआय चित्रण करण्यात आले, तेव्हा ही पोकळी आवाजाच्या क्षणीच तयार होताना दिसली. तेच बोट लगेच पुन्हा मोडून पाहावे. साधारण वीस मिनिटे ते वाजत नाही, कारण वायू द्रवात परत विरघळायला तेवढा वेळ लागतो. पाठीतल्या आवाजाचेही कारण हेच मानले जाते. अपघातात मणका खरोखरच निखळला असेल, तर मज्जारज्जूला धोका असतो आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोगही दिशाभूल करतो. दोन मणक्यांमधली गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. ती फुगते किंवा तिच्या आतला मऊ भाग बाहेर येतो, पण तो हाताने दाबून आत ढकलता येत नाही. अनेकांच्या बाबतीत शरीरच तो भाग काही महिन्यांत शोषून घेते.

एका बैठकीत गुण आल्याचे अनुभव खोटे असतात असे नाही. मात्र अचानक भरलेली उसण बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपही ओसरते, आणि माणूस उपचाराला जातो तो दुखणे टिपेला पोहोचल्यावर. त्यामुळे उताराचे सगळे श्रेय शेवटच्या उपचाराला मिळते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखीसाठी हस्तोपचारांना स्थान आहे, पण ते व्यायामाच्या जोडीने.

सर्व रोगांचे मूळ कण्यात असल्याची कल्पना कुठून आली, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकन वैद्य अँड्र्यू टेलर स्टिल यांची तीन मुले 1864 मध्ये मेंदूज्वराने दगावली. पाऱ्याची संयुगे औषध म्हणून दिली जाण्याचा तो काळ होता, आणि त्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. रोगांचे मूळ हाडांच्या, विशेषतः कण्याच्या बिघाडात शोधणारी आपली पद्धत, म्हणजेच ऑस्टिओपॅथी, त्यांनी 1874 मध्ये जाहीर केली आणि 1892 मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे विद्यालय काढले. एका शोकाकुल बापाचा तो निर्णय मला समजतो. पण आज त्या आधारावर दम्याचा पंप बंद करणे जिवावर बेतू शकते. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेतात, औषधे लिहितात आणि शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत असलेले ऑस्टिओपॅथ मात्र मुख्यतः हस्तोपचार करतात.

अपायाचे म्हणाल, तर उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे नेहमीचे आहे. मानेला दिलेल्या जोरदार झटक्यानंतर रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळा असल्या, तरी ‘भीती नाही’ हे विधान त्यांच्यापुढे टिकत नाही. आणि लघवी अडणे, बैठकीच्या जागेला बधिरता येणे किंवा दोन्ही पायांतली शक्ती जाणे यांपैकी काहीही घडले, तर कोणत्याही हस्तोपचाराची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

चांगला ऑस्टिओपॅथ हात लावण्याआधी बराच वेळ प्रश्न विचारतो: दुखण्याने रात्री जाग येते का, वजन विनाकारण घटले आहे का, पूर्वी कर्करोग झाला होता का, हाडे ठिसूळ आहेत का. मग तो रुग्णाला वाकायला, वळायला, चालायला लावतो, काय करणार ते सांगतो आणि संमती घेतो. उपचारात स्नायू चोळणे, सांधे हळूहळू हलवणे, रुग्णाला स्वतः जोर लावायला सांगून स्नायू सैल करणे हे सगळे येते. झटका हा त्यातला केवळ एक प्रकार आहे. ‘मानेला झटका नको’ असे रुग्णाने सांगितले, तर बाकीच्या सौम्य पद्धती वापरून त्याला उपचार करता येतो.