खुलासा: पॅरिसच्या भिंतींवरचे निळे तारे

‘पॅरिसमध्ये जमावाने ज्यूंची घरं हेरून खुणा केल्या’ हा फोटोसह फिरणारा मेसेज चुकीचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये, गाझा युद्ध सुरू असताना, स्टेन्सिलने उठवलेले ते एकसारखे सहा टोकांचे तारे (ज्यूंचं चिन्ह) दिसेल त्या इमारतीवर होते. आत कोण राहतं याच्याशी संबंध नव्हता. तारे रंगवल्याबद्दल पूर्व युरोपातल्या मोल्दोव्हा देशाचं एक जोडपं पकडलं गेलं. रशियाशी जोडलेल्या नेटवर्कच्या १,०९५ बॉट (आपोआप पोस्ट टाकणाऱ्या) खात्यांनी २,५८९ पोस्टी टाकून हे प्रकरण पेटवलं, असं फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याने ९ नोव्हेंबरला जाहीर केलं.

भीती मात्र खरी आहे. १९४२ मध्ये, नाझींच्या ताब्यात असताना, तिथल्या ज्यूंना पिवळा तारा कपड्यांवर शिवावा लागला होता. फ्रान्समध्ये नोंदलेल्या ज्यूविरोधी घटनाही २०२२ मधल्या ४३६ वरून २०२३ मध्ये १,६७६ झाल्या. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.