सुई टोचता येणे म्हणजे परिचर्या नव्हे

परभणीहून माझ्या थोरल्या भावाने परवा व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘पोरीला बी.एस्सी. नर्सिंगमधून काढून सहा महिन्यांच्या कोर्सला घालावे काय?’ परिचर्येचे सिद्धांत ही परदेशी पोपटपंची आहे, परिचारिकेचे काम डॉक्टरांच्या सूचना पाळण्यापुरतेच असते आणि म्हणून चार वर्षांची पदवी वाया जाते, असे तीन दावे त्या संदेशात आहेत. पुतणी दुसऱ्या वर्षाला आहे आणि मी स्वतः अठरा वर्षे वॉर्डात काढली आहेत, त्यामुळे गप्प बसणे मला शक्य नाही.

परदेशीपणाचा मुद्दा लवकर मिटतो. चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत आणि परिचारकाच्या चार गुणांत पहिले नाव ‘उपचारज्ञता’ या गुणाचे आहे. दक्षता, अनुराग आणि शुचिता त्यानंतर येतात.

खरा घातक दावा दुसरा आहे. अमेरिकी परिचर्यातज्ज्ञ व्हर्जिनिया हेंडरसन यांनी परिचारिकेचे काम ठरवताना रुग्णाला केंद्रस्थानी ठेवले: अंगात बळ, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर जे त्याने स्वतःच केले असते, ते करण्यास त्याला मदत करायची आणि त्याला लवकरात लवकर आपल्या पायांवर उभे करायचे. त्यांच्याच देशातल्या परिचर्यातज्ज्ञ डोरोथिया ओरेम यांचा स्वयंकाळजीचा सिद्धांत याच्याही पुढे जाऊन विचारतो की रुग्णाला स्वतःचे काय करता येते, काय येत नाही आणि ती उणीव कोणी, किती भरून काढायची. ऊसतोडीहून परतलेला, पायाला जखम झालेला मधुमेही समजा वॉर्डात आहे. केस पेपरवर ड्रेसिंग आणि इन्सुलिन लिहिलेले असते, आणि फक्त सूचना पाळणारी परिचारिका तेवढे करून मोकळी होईल. परंतु घरी फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात इन्सुलिन कुठे ठेवणार, गार राहावे म्हणून मातीच्या मडक्याचा उपाय त्याला कोणी दाखवला आहे काय, बधिर झालेल्या पायाला फडात काय घालतो, तळवा रोज कोण पाहणार, हे प्रश्न केस पेपरवर नसतात आणि त्यांची उत्तरे मिळाली नाहीत तर तोच माणूस अधिक चिघळलेला पाय घेऊन परत येतो. हे विचारणे माझे कामच आहे, ही जाण मला या सिद्धांतांनी दिली. ती सुई टोचण्याच्या सरावातून येत नाही.

पदवी वाया जाते म्हणणाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पाहावा. युरोपातील ९ देशांच्या ३०० रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या ४,२२,७३० रुग्णांची माहिती त्यांनी तपासली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली, आणि एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ती तेवढीच वाढलेली दिसली. हे आकडे युरोपचे आहेत, मराठवाड्यातील रुग्णालयांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण शिक्षणाने काही फरक पडत नाही असे म्हणणाऱ्याकडे एवढाही पुरावा नाही. शिवाय सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर परिचारिका म्हणून नोंदणीच होत नाही, ही गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेली नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. अनेक ठिकाणी हे सिद्धांत व्याख्या घोकून आणि आकृत्या काढून संपवले जातात, मुली एकमेकींच्या वह्यांतून परिचर्या योजना, म्हणजे रुग्णाची काळजी कशी घ्यायची याचे लेखी आराखडे, उतरवतात आणि पुढे वॉर्डात रुग्णांची एवढी गर्दी असते की योजना करायला उसंत मिळत नाही. हा दोष शिकवण्याचा आणि अपुऱ्या भरतीचा आहे, आणि अर्धवट शिकलेली माणसे वॉर्डात आणल्याने तो वाढेल. दादा, पोरीला काढू नकोस. तिला दिवाळीत माझ्याकडे पाठव. ओरेमचा धडा मी तिला एखाद्या रुग्णाच्या खाटेपाशी बसून समजावून देईन.