अंगठेबहाद्दर

टेबलावरच्या खेळासाठी घडवलेल्या गॉब्लिनचं, म्हणजे परीकथेतल्या बुटक्या राक्षसाचं, डोकं मुगाच्या दाण्याएवढं असतं. त्या मुगावर दोन डोळे, नाक, दात आणि जमलाच तर थोडा दुष्टपणा बसवायचा, एवढंच काम. ‘एवढंच’ म्हणणाऱ्याने अजून हातात तार घेतलेली नसते.

टेबलावरच्या राक्षस-जादूगारांच्या खेळात माणसाची मूर्ती साधारण २८ मिलिमीटरची धरतात. तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजायची की टाळूपर्यंत, यावर जाणकार भांडतात. माझ्या मूर्तींना दोन्ही मापं लागू होत नाहीत, म्हणून मी त्या वादात पडत नाही. खऱ्या माणसाचा हा जवळपास साठावा भाग. बुबुळासकट डोळा २४ मिलिमीटरचा, भागिले साठ, म्हणजे ०.४. खसखशीचा दाणासुद्धा याच्या दुप्पट असतो. आता उलटा हिशेब करा. आपल्या अंगठ्यावरच्या रेषांमध्ये अंदाजे अर्धा मिलिमीटर अंतर असतं. तो अंगठा मूर्तीच्या पाठीला लागला की तिच्या मापाने तीन-तीन सेंटीमीटरवर सऱ्या पडतात. वरंबा धरून ऊस लावावा अशा. आणि अंगठा लागतोच.

सुरुवात सांगाड्यापासून. घराच्या वायरिंगमधून उरलेल्या वायरीच्या तांब्याच्या बारीक तारा तीन-चार एकत्र पिळून घ्यायच्या. एकच गुळगुळीत तार घेतली तर वरचा लगदा, म्हणजे मळून लावायची आणि नंतर कडक होणारी पुट्टी, तिच्याभोवती गरागरा फिरतो आणि राक्षसाचं पोट पाठीकडे जातं. पिळलेल्या तारेच्या खाचांत लगदा धरून बसतो. पायांखाली सेंटीमीटरभर तार जास्तीची सोडून ती बुचात खोचायची, म्हणजे पुढे मूर्तीऐवजी बूच हातात धरता येतं. गुडघा पायाच्या बरोबर मध्यावर वाकवायचा. तो वर सरकला तर योद्धा कोळ्यासारखा दिसतो, खाली सरकला तर लंगोटी नेसलेल्या बगळ्यासारखा.

लगद्यात दोन जाती. नळाच्या गळतीला लावतात ते एम-सील, आणि परदेशातून येणारी ‘ग्रीन स्टफ’. पहिलं स्वस्त, पोट, मांड्या, खडक असला ठोकळ ऐवज भरायला उत्तम. नाकाला दुसरीच हवी. ती निळ्या-पिवळ्या पट्टीत मिळते आणि दोन्ही सारख्या मापाने मळल्या की हिरवी होते. पिवळी जरा जास्त घेतली तर मऊ आणि चिकट राहते, निळी जास्त घेतली तर कडक होऊन धार चांगली धरते. दोन रंग जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तिथे ती पाकिटातच आळून बसलेली असते. तो मधला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा कापून फेकायचा. महाग वस्तू फेकवत नाही म्हणून मळून घेतली, तर त्या कण्या गालफडावर पुटकुळ्यांसारख्या वर येतात, त्याही नेमक्या नाक जमल्यावर.

मळायची पाच मिनिटं, रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत. कच्चा लगदा कातडीला बाधतो, तेव्हा हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. दुसरी सूचना आरोग्यासाठी आहेच, शिवाय घरातल्या शांततेसाठीही.

मळल्यापासून घड्याळ सुरू. पहिला अर्धा तास लगदा सगळ्याला चिकटतो, फक्त मूर्तीला नाही. पुढचा अर्धा तास सोन्याचा, टोचाल तसं टोचलं जातं. दीड तासानंतर तो रबर होतो आणि मग नुसत्या सुरीची भाषा समजतो. पूर्ण कडक व्हायला रात्र जाते. मे महिन्यात हे सगळं लवकर उरकतं. मळलेला गोळा फ्रीझरमध्ये ठेवला तर वेळ वाढवून मिळतो, पण तो डबीत, झाकण लावून आणि वर ठळक चिठ्ठी चिकटवून ठेवायचा. हिरव्या चटणीचा गोळा आणि हा गोळा दिसायला सख्खे भाऊ.

खरी मेख अशी, की मूर्ती एका बैठकीत होत नाही. आधी तारेवर पातळ थर, रात्रभर थांबा. मग मांस भरा, पुन्हा थांबा. मग कपडे, मग हात, शेवटी चेहरा. उत्साहाच्या भरात सगळं एकदम केलं की उजव्या हाताची बोटं कोरताना डाव्या हाताच्या चिमटीत पाय चपटा होतो. तो नीट करायला जावं तर बोटं जातात. हत्यारं साधीच असतात: टूथपिक, पेनच्या नळीत बसवलेली सुई, दंतवैद्याने टाकून दिलेली आकडी. टोकाला पाणी किंवा किंचित व्हॅसलिन लावायचं, म्हणजे लगदा हत्याराला चिकटत नाही. जास्त लावलं तर नवा थर जुन्यालाही चिकटत नाही, आणि पुढे रंगवताना नाक आख्खं हातात येतं.

नवशिक्याने ऑर्क, म्हणजे या खेळातला सुळेवाला आडदांड राक्षस, करावा. माणसाचं नाक वाकडं झालं तर ती चूक, ऑर्कचं वाकडं झालं तर ते व्यक्तिमत्त्व. गणपती करता करता मारुती व्हावा तसे माझ्याकडचे सगळे राजपुत्र यथावकाश ऑर्क झाले आहेत. यातही परंपरा आहे. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स याने दुकानातल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या विचित्र प्राण्यांवरून ‘रस्ट मॉन्स्टर’ (गंज-राक्षस) आणि ‘आउलबेअर’ (घुबड-अस्वल) घडवले. कशासारखं दिसत नाही ना? मग त्याला नवं नाव द्या.

रंगाआधी मूर्ती भांड्यांच्या साबणाने धुवायची, नाहीतर व्हॅसलिनवर रंग थारत नाही. प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, फवारा वीत-दीड वीत लांबून, अगदी पातळ. पावसाळ्यात दमट हवेत मारला तर वर पांढरी भुकटी बसते आणि ऑर्कला नायटा झाल्यासारखा दिसतो. अ‍ॅक्रिलिक रंग पाणी घालून दुधाएवढा पातळ करायचा आणि दोन हात द्यायचे. थेट बाटलीतला दाट रंग लावला की कोरलेले दात बुजतात, चिकू खाऊन तोंड न धुतलेल्या मुलासारखे. ब्रश तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक, घ्यावासा वाटतो. घेऊ नका. त्याच्या टोकावरचा थेंब मूर्तीपर्यंत पोचायच्या आत वाळतो. शून्य किंवा एक नंबर घ्या, फक्त टोक शाबूत हवं.

मग डोळे. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी कसबी हातालाच देतात, आणि तिथे डोळा निदान दिसण्याएवढा तरी असतो. इथे आधी गडद खाच, तिच्यात पांढरी आडवी रेघ, त्यावर बुबुळ. बुबुळ ठिपक्याने द्यायचं नाही, वरपासून खालपर्यंत उभी रेघ ओढायची. ठिपका सुटा राहिला की मूर्ती भूत पाहिल्यासारखी दिसते. अवघड वाटतो तो डोळा आधी करायचा आणि सोपा त्याच्याशी जुळवायचा. तरीही चकणा झालाच तर कपाळावर शिरस्त्राणाची सावली ओढून गप्प बसायचं.

पायाला दोन रुपयांचं नाणं लावा. २०११ च्या मालिकेतलं नाणं २५ मिलिमीटरचं आहे, म्हणजे खेळाच्या पटावरच्या एक इंची घरात चपखल. शिवाय ते चुंबकाला चिकटतं, त्यामुळे डब्याच्या तळाला चुंबकी पत्रा लावला की रिक्षात फौज कोसळत नाही. जमिनीसाठी गाळणीने चाळलेली वाळू फेव्हिकॉलवर, आणि पाचोळ्याला चहाचा चोथा. चोथा खडखडीत वाळलेला हवा. ओला राहिला तर आठवड्यात खरीखुरी बुरशी येते, आणि तेवढं हुबेहूब जंगल कोणाला नको असतं.

शेवटी ‘ड्राय ब्रश’. ब्रशवर फिका रंग घ्यायचा, जवळजवळ सगळा फडक्याला पुसायचा आणि उरलेला कोरडाच मूर्तीवरून फिरवायचा. खोलगट भाग तसाच राहतो, उंचवटे तेवढे उजळतात. कडा, दात, पट्टे. आणि पाठ. चार दिवस लपून राहिलेला अंगठा इथे उगवतो, एकेक रेष, मधल्या भोवऱ्यासकट, आधार कार्डाच्या नोंदणीतही आली नसेल इतकी स्वच्छ.

खेळायला बसलेली मंडळी डोळ्यांकडे बघत नाहीत. ती मूर्ती उचलतात, उलटी करतात आणि विचारतात, “पाठीवरचं हे गोंदण कसं केलंस रे?”