मालकाचं उत्तर: सोळा दिवस कुठे गेले

नमस्कार दादा. तुमच्या होडीच्या इंजिनाच्या दुरुस्तीबद्दल तुम्ही लिहिलेली तक्रार वाचली. आठ दिवस सांगून सोळा लावले, त्याबद्दल माफी मागतो. फोन उचलला नाही हेही खरं. हात ग्रीसने भरलेले असतात.

पण "साधे बोल्ट काढायला सोळा दिवस, वर यांनीच तोडले" हे वाचलं आणि रात्री घास उतरला नाही. मालवणात बावीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त करतोय, म्हणून लिहितो.

तुमचं मशीन २४ जुलैला आलं. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, त्यामुळे त्याच आठवड्यात अख्ख्या किनाऱ्याला आपापल्या इंजिनाची आठवण होते. तरी तुमचं दुसऱ्याच दिवशी खोलायला घेतलं. एक्झॉस्ट कव्हरच्या, म्हणजे धूर जायच्या वाटेवरच्या झाकणाच्या, बोल्टांपैकी दोघांची डोकी आधीच उडालेली, वर एमसील थापलेलं. ते आम्ही केलेलं नाही. विचारलं तेव्हा आपणच म्हणालात, "पान्याला पाइप लावून जरा बघितलं होतं."

स्टेनलेसचा बोल्ट, ॲल्युमिनियमची बॉडी आणि मध्ये खारं पाणी. आत पांढरी भुकटी धरते, फुगते आणि आटे आवळून टाकते. तिथे जोर केला की बोल्टाची मान तुटते. म्हणून आट्यांत तेल सोडून तीन दिवस ठेवलं. आपण आलात तेव्हा ते "नुसतं पडून" दिसलं ते हेच. मग टॉर्चने बाजूची बॉडी तापवायची, तीही बेताने, कारण ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. हलके ठोके, पाव आटा पुढे, पाव मागे. सहा असे सुटले. चार तुटले, हो, आमच्या हातून तुटले. त्यांच्या खुंटांवर नट वेल्ड केले. शेवटच्याला आमचा पोरगा म्हणाला, "मालक, ह्यो फिरूचो नाय." तीन नट उखडले, चौथ्याला किर्रर्र करून फिरला आणि आट्यांतून तांदळाच्या पिठासारखं पांढरं पडलं.

राहिले तुमचे एमसीलवाले दोन. ते ड्रिल करावे लागले. बोल्ट कडक, बॉडी मऊ. ड्रिल जरा घसरलं असतं तर पाण्याचं जॅकेट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं ती पोकळी, फुटून ब्लॉक भंगारात गेला असता. हेलीकॉइल, म्हणजे खराब झालेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, कोल्हापूरहून यायला चार दिवस लागले. बिलात ३,६०० "फक्त बोल्टांचे" म्हणालात, ते या सगळ्याचे आहेत. त्यात माझी झोप धरलेली नाही.

यापुढे तारीख जपून सांगू, फोनचंही काहीतरी बघतो. नवीन बोल्ट ग्रीस लावून बसवलेत. किनाऱ्याला आल्यावर मशीन गोड्या पाण्यावर चालवत जा. जुने बोल्ट तुमच्या नावाने डब्यात ठेवलेत, एमसीलसकट. या, बघा. येताना राहिलेले बाराशे आणलेत तर बरं होईल.