थकबाकी जपण्याचं काटेकोर शास्त्र

क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडायची असं तुम्ही ठरवलंत. अभिनंदन! ठरवणं हा या उद्योगातला सर्वांत सुखाचा टप्पा, तेव्हा तो घाईत उरकू नका. दोन-तीन महिने नुसतं ठरवण्यात घालवा. घरी सांगा, मित्रांना सांगा, ऑफिसात लिफ्टमध्ये भेटणाऱ्यालाही सांगा. चारचौघांनी "वा, हे बरं केलंस" म्हटलं की निम्मं कर्ज फिटल्यासारखं वाटतं. बँकेला तसं वाटत नाही, पण बँकेच्या वाटण्यावर आपण कधी चाललो होतो?

मग बजेट. ते काटेकोर हवं, यात तडजोड नाही. एक्सेल उघडा आणि रकाने पाडा. निदान चाळीस रकाने असल्याशिवाय बजेटला वजन येत नाही. प्रत्येक रकान्याला वेगळा रंग द्या. हिरवा कुठला आणि पोपटी कुठला यावर एक रविवार सहज जातो, आणि त्या रविवारी खर्चही होत नाही. म्हणजे बजेट पहिल्याच दिवशी फळाला आलं म्हणायचं. पुढच्या रविवारी कुणीतरी एक अ‍ॅप सुचवेल. त्याची वर्षाची वर्गणी भरा. अर्थात कार्डावर.

काटेकोरपणा कुठे दाखवायचा हेही ठरलेलं आहे. पेनाची रिफिल, पार्किंगची सुटी नाणी, झेरॉक्स. इथे पैन् पै लिहा. घरातल्या कुणी दोनदा झेरॉक्स काढली तर जाब विचारा. मात्र गाडीचा हप्ता, ऐपतीपेक्षा एक खोली जास्त असलेलं घर, दर दोन वर्षांनी बदलणारा फोन, यांच्याकडे बघायचं नाही. ते 'ठरलेले खर्च'. ठरलेल्या गोष्टी मोडू नयेत. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा ही म्हण कुणीतरी टोमणा म्हणून केली असेल, पण बोळा नीट, घट्ट, वेळच्या वेळी बसवण्यातही एक समाधान असतंच की.

आणि 'इतर' हा रकाना विसरू नका. इतर ३९ रकाने या एकासाठीच असतात.

वर्षातून एकदा येणारे खर्च मासिक बजेटात धरू नका. विम्याचा हप्ता गेली सात वर्षं त्याच तारखेला येतो, आणि गेली सात वर्षं आपण "अरे, हा आत्ता कुठून उपटला?" असं म्हणत कार्ड काढतो. असे खर्च बारानं भागून दर महिन्याला तेवढी रक्कम बाजूला ठेवणारे लोक जगात आहेत. त्यांच्या आयुष्यात नाट्य नसतं.

आता मुख्य मंत्र: मिनिमम ड्यू. स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, एक मोठा, म्हणजे पूर्ण बिल, आणि एक लहान, म्हणजे निदान एवढं तरी भराच असा मिनिमम ड्यू. मोठ्याकडे पाहून धडधडतं, लहानाकडे पाहून बरं वाटतं. तुम्ही लहान भरा. लेट फी लागत नाही, वसुलीवाल्यांचा फोन येत नाही, नाव खराब होत नाही. तक्रारीला जागाच नाही.

थोडं गणित करू, म्हणजे या लहान आकड्याची माया कळेल. समजा बाकी आहे १००. (पुढे आपापल्या कर्तृत्वाप्रमाणे शून्यं जोडून घ्या.) व्याज दरमहा ३ टक्के. शाळेत आपण दरसाल दरशेकडा शिकलो. कार्डवाले दरमहा दरशेकडा बोलतात, म्हणून ३ हा आकडा इतका सोज्वळ वाटतो. व्याजावर व्याज धरून वर्षाचे साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर होतात, आणि काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत १०० चे २०३. ते असो, आपण तर भरतोय. मिनिमम ड्यू धरू व्याजासकट बाकीच्या ५ टक्के. म्हणजे पहिल्या महिन्यात भरले ५.१५. त्यातले ३ व्याजाला गेले, मुद्दल फिटली २.१५. पुढच्या महिन्यात बाकी किंचित कमी, म्हणून मिनिमम ड्यूही किंचित कमी: ५.०४. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी कमी. बँकेचं हे सौजन्य बघा, तुमची चाल मंदावली की ती आपलीही मंदावते. असं बत्तीस महिने चाललं, मधे एका छदामाचीही नवी खरेदी केली नाही, तर तुमचे भरून झालेले असतात १२०. आणि बाकी असते ५०.

पुन्हा वाचा हवं तर. घेतले १००, दिले १२०, राहिले ५०. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं म्हणतात. इथे हत्ती अर्धा उभा आहे, आणि त्याच्या वैरणीचे पैसे देऊन झालेत.

काही खोडसाळ माणसं या गणितात बिब्बा घालतात. ती म्हणतात, पहिल्या महिन्यात ५.१५ जमले ना, मग बँकेने आकडा कमी केला तरी तुम्ही करू नका, दर महिन्याला तेच ५.१५ भरत राहा. एवढ्यानेच तिसाव्या महिन्यात खातं निल होतं आणि एकूण जातात १५२ च्या आसपास. त्याहून वाईट म्हणजे, कुणी दरमहा १० भरायला लागला तर वर्षात विषय संपतो; बाराव्या महिन्याला जेमतेम चिल्लर उरते. त्याचेही दिले गेले १२०. तुमचेही १२०. फरक इतकाच की त्याच्याकडे बाकी राहिली नाही आणि तुमच्याकडे चाळीस रंगीत रकाने आहेत. असल्या माणसाचं बजेट मागून बघा एकदा. मी मागितलं होतं. एका पाकिटाच्या मागे तीन ओळी होत्या: पगार आला, कार्डाला इतके आधीच दिले, उरलेल्यात महिना काढायचा. रंग नाही, आलेख नाही. याला बजेट म्हणायचं की वाण्याची चिठ्ठी?

एक बारकावा राहिला. पूर्ण बिल भरणाऱ्याला नव्या खरेदीवर काही दिवस बिनव्याजी मिळतात, हे आपल्याला पाठ असतं, कारण कार्ड घेताना ते ठळक छापलेलं होतं. थोडी जरी बाकी पुढे ओढली तरी ही सवलत बहुतेक कार्डांवर बंद होते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज धावतं. हे ठळक छापलेलं नव्हतं. म्हणून थकबाकी असतानाच घरातल्या बारीकसारीक वस्तूसुद्धा कार्डावर घ्या. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर तिला बिनव्याजी मुदत मुळातच नसते, वर काढण्याची फी वेगळी. अडीअडचणीला ही सोय ध्यानात असू द्या. अडीअडचण म्हणजे मिनिमम ड्यू भरायला पैसे कमी पडले तर.

या थोर परंपरेचा उगमही माहीत असावा. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं कार्ड निघालं, पण त्यात महिन्याचं बिल महिन्यालाच पुरतं चुकवावं लागे. अरसिक लोक. खरा पराक्रम १९५८ चा. बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डं, कुणी मागितलेली नसताना, पोस्टाने घरोघर पाठवली. बाकी पुढे ओढत नेण्याची मुभा त्यात होती. पुढे हेच कार्ड व्हिसा या नावाने जगभर गेलं. म्हणजे आपल्या थकबाकीचं घराणं असं आहे, न बोलावता आलं आणि राहिलं. पाहुण्याला 'कधी निघणार' असं विचारायची आपली पद्धत नाही.

कार्ड वापरताना जास्त खर्च होतो, ही अफवा पसरवणारेही आहेत. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. काहींना सांगितलं पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. यावरून कार्डवाले खेळाचे खरे दर्दी असतात एवढंच सिद्ध होतं. शिवाय रोखवाल्यांना रिवॉर्ड पॉइंट मिळतात का? तुम्हाला मिळतात. एक टक्का परत मिळवण्यासाठी दरमहा तीन टक्के मोजण्यात जो व्यवहारचातुर्याचा आनंद आहे तो नोटा मोजणाऱ्याला काय कळणार!

५०-३०-२० चा नियम मात्र जरूर पाळा. दिवाळखोरीच्या कायद्याच्या अभ्यासक एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ साली तो लोकांपुढे मांडला: हातात येणाऱ्या पैशातले ५० टक्के गरजांना, ३० हौसेला, २० बचतीला आणि कर्जफेडीला. नियम उत्तम आहे, फक्त गरज कशाला म्हणायचं हे त्यांनी तुम्हाला विचारलं नव्हतं. नवा फोन ही हौस होती. जुन्याचा कॅमेरा धूसर झाल्यापासून ती गरज आहे. सहल ही हौस होती. डॉक्टर "ताण घेऊ नका" म्हणाले आणि तीही सरकली. असं करत गरजा ८० टक्क्यांवर गेल्या की तुमच्या लक्षात येईल, तुमच्याइतकं साधं जगणारं आसपास कुणी नाही, हौसेचा रकाना जवळजवळ रिकामा! उरलेले २० आहेतच. त्यावर गेल्या महिन्याच्या 'इतर'चा पहिला हक्क.

दोन-तीन कार्डं असतील तर आधी कुठलं फेडावं, हा वाद अजून संपलेला नाही, आणि तुम्ही तो संपवू नका. एक पंथ म्हणतो सर्वांत चढ्या व्याजाचं आधी, कारण त्यात व्याज कमी जातं. दुसरा म्हणतो सर्वांत लहान बाकीचं आधी, कारण एक खातं बंद झालं की हुरूप येतो. दोन्ही पंथांच्या लोकांचं कर्ज फिटतं, ही त्यातली मोठी खोट. तुम्ही तिसऱ्या पंथाचे व्हा. दोन्हींचे व्हिडिओ बघा, तुलनेचा तक्ता करा, आणि सगळ्या कार्डांवर मिनिमम ड्यू भरून निःपक्षपाती राहा.

कात्रीने कार्ड कापण्याचा विधी करायला हरकत नाही. फोटो छान येतो. कुणी कार्ड पाण्याच्या भांड्यात बुडवून फ्रीजरमध्ये गोठवतात, म्हणजे बर्फ वितळेपर्यंत मोह ओसरावा. कार्ड खरेदीच्या सहा अ‍ॅपमध्ये आधीच जोडलेलं आहे, त्यामुळे दोन्ही विधींनी रोजच्या व्यवहारात काही अडत नाही.

बचत खात्यातल्या पैशाला हात लावू नका. ते अडचणीसाठी आहेत. तिथे वर्षाला जेवढे टक्के मिळतात तेवढे कार्डावर एक-दीड महिन्यात जातात. तरी बचत ती बचत, मोडली की मनाला लागतं. माणसं बचत आणि कार्डाची थकबाकी एकाच वेळी का सांभाळतात, यावर अर्थशास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिलेत आणि त्याला ते चक्क 'कोडं' म्हणतात. एखाद्या संध्याकाळी आपल्याकडे येऊन बसले असते तर उलगडलं असतं.

अगदीच गळ्याशी आलं तर बॅलन्स ट्रान्सफर. एका कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर, म्हणजे इकडची टोपी तिकडे, थोडी फी देऊन, काही महिने कमी व्याजात. नेमस्त माणूस त्या महिन्यांत मुद्दल उरकून घेतो. तुम्ही मात्र पाहा, जुनं कार्ड कसं स्वच्छ, रिकामं, कोरं झालं! इतकी जागा मोकळी ठेवणं बरं दिसत नाही.

आणि एवढं सगळं शिस्तीने केलंत की वर्षाअखेरीस फळ मिळतंच. मिनिमम ड्यू एकदाही चुकवला नाहीत, म्हणून संदेश येतो: आमच्या विश्वासू ग्राहकाची क्रेडिट लिमिट वाढवण्यात येत आहे. गेल्या खेपेला माझी वाढली तेव्हा ती रक्कम शीटमध्ये कुठल्या रकान्यात घालायची या विचारात मी अर्धा तास होतो. 'इतर'मध्ये शोभत नव्हती. शेवटी 'उत्पन्न'मध्ये घातली. पोपटी रंगात.